चांगुणाबाईंची हाक

आमच्या लातूरच्या दवाखान्यासाठी दात घडवणारा धम्मानंद हदगावचा. वीस वर्षं त्यानं मेणावर हातानं दात रचले. आता तेच काम कॉम्प्युटरवर करतो आणि थ्रीडी प्रिंटरवर छापतो. बोलणं कमी, घाई तर मुळीच नाही. मला दोन्हींचा राग येतो.

गेल्या वर्षी रेणापूरच्या चांगुणाबाई आल्या. वरचा एकही दात शिल्लक नाही. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "चावायचं राहू द्या, डॉक्टरीणबाई. बोलणं तेवढं नीट करा. आमच्या मालकाला दिसत न्हाई. माझ्या आवाजावर घरात फिरतेत. परवा हाक मारली तर उठलेच न्हाईत, शेजारीण समजले." पदर तोंडाला लावून सांगत होत्या. 

स्कॅन झाले. हाडात दात धरून ठेवणारे स्क्रू कुठे आणि किती तिरके बसवायचे ते आम्ही आधी पडद्यावर ठरवलं. धम्मानंदनं त्याच जागी भोकं असलेला, हिरडीवर बसणारा साचा छापून दिला, त्यामुळे शस्त्रक्रिया तासाभरात आटोपली. पाच महिन्यांनी हाडानं स्क्रू घट्ट धरल्यावर त्यानं चाचणीचे दात छापले. सुबक, एका ओळीत. मी खूश.

चाचणीला आम्ही साठ ते सत्तर मोजायला लावतो. 'स' स्वच्छ आला की दात बरोबर. पण चांगुणाबाई विसांत मोजणाऱ्या, साठाला "तीन इसा" म्हणून थांबायच्या. मग माझ्यामागून एकेक आकडा, शाळेतल्या पोरीसारखा, सावकाश आणि अगदी स्वच्छ. मी म्हटलं, झालं काम.

"मावशी आकडे म्हणून राहिल्या, मॅडम. बोलून न्हाई राहिल्या," धम्मानंद म्हणाला.

पुढचे दात त्याला मागून जाड, बोलताना जिभेला अडणारे वाटत होते. त्यानं ते किंचित पातळ करून पुन्हा छापले, मग आणखी एकदा. तिसऱ्या खेपेला मी भडकलेच. "पडद्यावर सगळं बरोबर आहे, आता कशाला घोळ घालतोस?"

त्यानं नवे दात बसवले आणि खोलीचं दार सताड उघडलं. बाहेर ओसरीतल्या बाकावर चांगुणाबाईंचे यजमान, नरसिंगबाबा, काठी धरून बसले होते.

"मावशी, बाबांना घरी हाक मारता तशी मारा."

"आता गं बया, इथं?" त्या लाजल्या. तेवढ्यात त्यांचं लक्ष बाहेर गेलं आणि त्या चाचणीबिचणी विसरल्या. "आवं मनिषाचे बाबा, उन्हात कशाला बसलाव? सावलीला सरका!"

नरसिंगबाबा ताडकन उठले. काठी बाकापाशीच राहिली. भिंत न चाचपता ते दारातून सरळ खुर्चीपर्यंत चालत आले आणि बायकोच्या खांद्यावर हात ठेवला.

"किती दिस लावले गं तू," ते म्हणाले.