घडीला दोघी लागतात

इस्पितळाच्या धुलाईखान्यात तिला सगळे मुकी म्हणत. जीभ होती, चांगली धारदार होती. लग्नानंतर ती वापरायची मुभा नव्हती, एवढंच. नवऱ्याने कामावर पाठवलं तेच मुळी कुणाशी बोलायचं नाही या अटीवर. तिचा पगार घरात आलेला त्याला चालायचा, आवाज घराबाहेर गेलेला चालायचा नाही. पहाऱ्याला धाकटा दीर होताच, तिथला मुकादम.

हा दीर म्हणजे एक नगच. दाराशी खुर्ची टाकून दिवसभर बायकांची तोंडं न्याहाळायची, यालाच तो काम म्हणे. चहाच्या सुट्टीत दोघी शेजारी बसल्या की याच्या पोटात दुखायचं. शेवटी त्याने सुट्टीच बंद केली. "गप्पा हाणायला येता काय? चला, चादरी घ्या." स्वतःचा चहा मात्र चालू.

या शहाण्याने उभ्या जन्मात एका चादरीची घडी घातली नव्हती. मोठी चादर एकटीला आवरत नाही. दोघींनी समोरासमोर टोकं धरायची, ताणायची, झटकायची आणि मग चालत येऊन टोकाला टोक जुळवायचं. तेव्हा दोघींच्या तोंडांत वीतभर अंतर उरतं, आणि आडोशाला चादर. मुकीच्या समोर असायची ढब्बी, नवऱ्याने टाकलेली आणि त्यावाचून काडीचंही न अडलेली.

एका चादरीला एक बोलणं.

"पोरीची शाळा बंद केली. लग्न ठरवलंय."

"पंधरा वर्षांच्या पोरीचं? कुणाशी?"

"दिराच्या दोस्ताशी."

"तो बोकड? त्याच्या मांडीवर नातवंडं शोभतील."

मुकी चादरीत तोंड खुपसून हसली. पुढच्या चादरीला तिचे डोळे भरले होते.

"माझी बहीण मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करते," ढब्बी म्हणाली. "तिथली बाई खमकी आहे. असल्या बापांना दारातच उभं करते. सोमवारी माझी सुट्टी. पोरीला मी नेते."

"तुझ्यावर बालंट येईल गं."

"टाकलेल्या वस्तूकडे कोण बघतंय?"

चहाची सुट्टी गेल्यामुळे चादरी वाढल्या होत्या. बेत सगळा बारीकसारीक ठरला.

सोमवारी पोरगी दूध आणायला गेली ती परतलीच नाही. नवरा तणतणत धुलाईखान्यात आला. "हिचंच काम. कुणाशी बोलत होती ही?"

मुकादमाची छाती फुगली. "माझ्या देखत? दादा, चकार शब्द नाही. मी काय इथे झोपा काढतो?"

खरं बोलायचं तर स्वतःचं नाक कापून द्यावं लागलं असतं. आणि खरं त्याला ठाऊक तरी कुठे होतं. नवरा हात हलवत परतला. घरी गेल्यावर त्याने आपला पुरुषार्थ मुकीच्या पाठीवर दाखवलाच. दुसरीकडे कुठे चालत नव्हता बिचाऱ्याचा.

मंगळवारी पहिल्याच चादरीला ढब्बी म्हणाली, "पोचली. आमटीत मीठ कमी म्हणून कुरकुरलीसुद्धा."

दुसरीला म्हणाली, "पाठ वाकवता येत नाहीये तुला. आता तू कधी?"

मुकीने चादर असा झटका देऊन ताणली की मुकादम खुर्चीत दचकला.

"हळू, वहिनी. फाटेल ती."

मुकी मान खाली घालून चालत गेली, टोकाला टोक जुळवलं.

"पुढच्या सोमवारी," ती म्हणाली.