मीच तिला ‘जा’ म्हणाले होते

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढं उभी राहिले तरी पोरांची परीक्षा आणि माझे गुडघे, एवढंच बोलून परत फिरायचे. आता तुम्हाला सांगते. तुम्हालाच का? तर तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. बघा, सुरुवातच भित्रेपणानं झाली.

मी मराठीची बाई. तळेगाव ढमढेऱ्याजवळच्या एका गावात हायस्कूलला होते. गोष्ट नव्वद सालानंतरची — तेव्हा नोकरी नवी होती, कायम व्हायची होती. पण हे कारण म्हणून सांगत नाही हं. कारणं मी मनातल्या मनात इतकी वर्षं दिली आहेत की आता त्यांचा वास येतो.

त्या वर्षी शिरूरच्या टॉकीजला एक चांगला सिनेमा लागला होता. शाळेनं एसटीची गाडी प्रासंगिक करारावर घेतली आणि नववी-दहावीची मुलं भरून नेली. हेडमास्तर बरोबर होते. मुलींची जबाबदारी माझ्याकडं.

सिनेमातली पोरगी सोळा वर्षांची. आणि काय पोरगी होती ती! गोडगोजिरी अजिबात नाही. उलट उत्तरं देणारी, आईशी भांडणारी, पेरू चोरणारी. रोज दिवेलागणीला घरातून गायब व्हायची. गाव म्हणायचं, पोरगी हाताबाहेर गेली, हे वयच असलं. खरं तर ती नदीपलीकडं जायची, घरच्यांनी हाकललेल्या मैत्रिणीला भाकरी घेऊन. पण हे ती कुणाला सांगत नाही, कारण ते गुपित तिचं नाही, मैत्रिणीचं आहे. म्हणजे ज्या पोरीला सगळे उथळ म्हणतात, तिच्याइतकं शब्दाला जागणारं त्या गावात दुसरं कुणी नसतं. मला ती इतकी आवडली — मी ढसाढसा रडत होते. पदर ओला झाला होता. शी! तो पदर आठवला तरी किळस येते.

गाव तिला पारावर उभं करतं, सरपंच विचारतो, कुठं जातेस? आणि ती गप्प. नेमकं तेव्हाच माझ्या खुर्चीशी कुणीतरी वाकलं.

सुरेखा होती. दहावीतली. तिचे वडील तळेगाव-शिरूर रस्त्यावर वडापची, शिटा भरून नेणारी जीप चालवायचे. बोलायला फटकळ, पण मला आवडायची. नर्सिंगला जायचंय, असं तिनं मला एकटीला सांगितलं होतं. घरी सांगायला घाबरायची.

“बाई, मंगलला धाप लागलीय. तिच्या गोळ्या घरीच ऱ्हायल्यात. मेडिकलातनं आणू का?”

आता तुम्हीच सांगा, बाईनं काय करायचं असतं? उठायचं असतं. मंगलजवळ जायचं, बाहेर न्यायचं, डॉक्टर गाठायचा. मी मान वळवली नाही. पडद्यावरची पोरगी काय उत्तर देते ते मला बघायचं होतं! हातानं बाजूला हो अशी खूण केली आणि म्हणाले, “जा, पण लवकर ये.”

एवढंच. एवढंच झालं असतं तर मी सांगितलं नसतं.

जवळच्या मेडिकलात त्या गोळ्या नव्हत्या. दुकानदारानं आपल्या भाच्याला सांगितलं, हिला गाडीवर स्टँडपाशी ने, तिथं मिळतील. तिनं गोळ्या आणल्या, मंगलला दिल्या, मंगलची धाप थांबली. पण हेडमास्तर बाहेर चहा पीत होते. त्यांनी तिला एका पोराच्या मागून उतरताना पाहिलं.

गाडी सुटायच्या आधी, सगळ्या पोरांसमोर चौकशी. मंगल म्हणाली, माझ्या औषधाला गेली होती. हेडमास्तर म्हणाले, औषधाचं ठीक आहे, पण पाठवलं कुणी? सुरेखानं माझ्याकडं बघितलं. तिला काळजी नव्हतीच — बाई आहेत की, बाई सांगतील. ते बघणं मी विसरले असेन असं वाटतं तुम्हाला?

हो म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता, मग तुम्ही का नाही गेलात? मी म्हणाले, “नाही सर. मला न विचारता गेली.”

“बाई, तुमीच जा म्हणला न्हाई का?”

आणि मी तिच्या थोबाडीत मारली. खोटं बोलतेस म्हणून! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, त्या मी मारल्या. वर हेडमास्तरांना म्हणाले, “सर, हे वयच असं असतं.” गावानं सिनेमात जे म्हटलं होतं तेच वाक्य, अर्ध्या तासाच्या आत, माझ्या तोंडून. कुणालाही शंका आली नाही. पंधरा वर्षांची पोरगी आणि बाई, यात खोटं कोण बोलणार, हे काय विचारायचं असतं?

हेडमास्तरांनी वडिलांना बोलावून घेतलं. त्याआधीच वडिलांच्या जीपमध्ये बसलेल्या लोकांनी पोरीबद्दल त्यांना ऐकवलं होतं. सुरेखा पुन्हा शाळेत आली नाही. दहावीच्या परीक्षेआधीच तिला दौंडकडं देऊन टाकली. नर्सिंगचं तिनं घरी कधी सांगितलं का, मला माहीत नाही.

आणि मी? सोमवारच्या परिपाठाला मी त्या सिनेमावर बोलले. वाईट या मुलांचं वय नसतं, वाईट आपली नजर असते, म्हणाले. टाळ्या पडल्या. पुढं दर पालकसभेला तेच भाषण — लोकां सांगे ब्रह्मज्ञान! आया माझे हात धरून रडायच्या. मी कायम झाले, सुपरवायझर झाले. भाषणं काही थांबली नाहीत माझी. बोलताना माझा आवाज बरोबर त्याच जागी भरून यायचा, आणि तो खोटाही नसायचा. याचीच मला जास्त घाण वाटते. खरं रडू येणारी माणसंसुद्धा अशी असतात.

निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना ती मला दौंड स्टेशनला भेटली. मीच आधी ओळखलं आणि तोंड फिरवलं, पण तिनं हाक मारली. बरोबर मुलगी होती, नववीतली. उंच, चुळबुळी, आईच्या प्रत्येक वाक्याला आडवं बोलणारी. गाडीला वेळ होता. सुरेखानं माझी तब्येत विचारली, मुलांचं विचारलं. आवाजात राग नव्हता, मायाही नव्हती. मग पोरगी मधेच म्हणाली, शाळेची सहल चाललीय, सगळ्या मैत्रिणी जातायत, आई एकटीच नाही म्हणती, तुम्ही तरी सांगा.

सुरेखा माझ्याकडं न बघता म्हणाली, “मी न्हाई धाडत, बाई. पोरीच्या जातीला कुणी काय म्हणलं तर तिच्या बाजूनं बोलणारं कोन असतं?”

पोरगी माझ्या तोंडाकडं बघत होती. एवढी वर्षं भाषणं केलेली बाई, आता तरी बोलेल. एका वाक्याचं काम होतं. आई समोर होती, लेक समोर होती, तिसरं ऐकणारं कुणी नव्हतं.

मी म्हणाले, “आई म्हणते ते बरोबर आहे बाळा. हे वयच असं असतं.”