बोधीला पाणी घालू नका

माझ्या सासूबाई सरजाबाई वस्तीत दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध आहेत. एक त्यांचा आवाज आणि दुसरा विहारासमोरचा पिंपळ. त्या आमच्या दारात बोलल्या की जिंतूर रोडवर एसटीची वाट बघणारा माणूस दचकून वळतो. आणि पिंपळ त्यांनीच लावलेला. माझे यजमान सिद्धोधन तेव्हा नुकतेच शाळेत जायला लागले होते. विहिरीवरून आणलेला हंडा घरात उतरवायच्या आधी त्यातलं तांब्याभर पाणी आत्या रोपाला घालायच्या. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. पुढे त्यांनी कापूस वेचायला जाणाऱ्या बायांनाही ही शिस्त लावली. कामाला निघायचं तर आधी तांब्याभर पाणी बोधीला, म्हणजे त्या पिंपळाला. एखादी चुकली तर तिचा उद्धार रोडपर्यंत ऐकू जायचा. मी लग्न होऊन आले तेव्हा दुसऱ्याच सकाळी माझ्याही हातात तांब्या आला, तोही चहाच्या आधी. मी मनातल्या मनात भरपूर चरफडले होते.

मग रोड रुंद करायचा ठरला आणि पिंपळ बरोबर खुणेच्या आत आला. विहार समितीचे अध्यक्ष भगवानराव, म्हणजे आत्यांचे चुलत दीर, समंजस माणूस. जुनं झाड जाऊ द्यावं, विहारामागे नवीन रोप लावावं, असं ते बैठकीत म्हणाले. सगळ्यांना ते पटलंही. आत्या उठून उभ्या राहिल्या.

"तोडायचं न्हाई. उचलून मागं न्या."

"वैनी, ते काय खाट हाय का उचलून न्यायला?"

पण झाडं हलवणारी माणसं असतात. सेलूकडचा परमेश्वर नावाचा एक जण हेच काम करायचा. तो आला, पिंपळाभोवती फिरला, बुंध्यावर थापा मारल्या आणि म्हणाला, "जमंल. पर सगळी पानं अन् फांद्या काढाव्या लागतील."

"अन् मंग ते खाईल काय?" आत्यांनी विचारलं.

मला हसू आलं. पण परमेश्वर हसला नाही. त्याने जमिनीवर बसून नीट सांगितलं. झाड आपलं अन्न पानांत करतं, उन्हाच्या जोरावर. त्यासाठी मुळांनी पाणी वर पाठवायला हवं. पण ऊन पानांतून पाणी उडवतही राहतं, आणि उचलताना मुळं तर तुटणार. मग पाणी पाठवणार कोण? पानं ठेवली तर झाड उभ्या उभ्या वाळेल. म्हणून पानं काढायची. खोडात साठवण असते, कणगीत धान्य असावं तशी. त्या साठवणीवर झाड दम धरतं. ती संपायच्या आत खाली नवी मुळं आणि वर नवी पानं फुटली, तर जगलं.

"अन् न्हाई फुटली तर?"

"तर न्हाई, बाई."

जाता जाता त्याने आणखी एक गोष्ट बजावली. "अशी झाडं पान्यानंच जास्त मरतात. पान न्हाई तर पानी वर जाईल कसं? ते खाली साचतं, मुळांची हवा कोंडती अन् ती सडतात. खालची माती मुठीत दाबायची. गोळा झाला तर पानी न्हाई म्हंजे न्हाई. उगी माया करू नका."

पानगळीच्या दिवसांत क्रेन आली. पिंपळ उचलून विहारामागे नव्या खड्ड्यात उभा केला, बुंध्याला गोणपाट गुंडाळलं आणि खड्डा एकदाच भरपूर भिजवला. फांद्यांच्या जागी नुसती थोटकं राहिली होती. त्याच्याकडे बघवत नव्हतं. त्या दिवशी आमच्या घरात कुणी धड जेवलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून आत्या काठी घेऊन झाडाजवळ बसू लागल्या. जिने वस्तीला पाणी घालायला शिकवलं, तीच आता पाणी घालू देईना. बाया तांब्या घेऊन यायच्या आणि शिव्या खाऊन परत जायच्या. शेजारच्या चतुराबाई मला मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणाल्या, "सुनेला छळायचं राहून गेलं वाटतं, म्हनून आता झाडाला छळायलीय." मी हसून सोडून दिलं. पण खरं सांगते, मलाही ते क्रूर वाटत होतं. उन्हाने जमीन भाजत होती. कुत्री सावली सोडत नव्हती. आणि त्या उघड्या बोडक्या झाडाला घोटभर पाणी नाही.

गावातल्या बाकीच्या पिंपळांना तांबूस पालवी आली. मारुतीच्या पारावरचा तर बघता बघता भरून गेला. आमचा तसाच राहिला. आत्या रोज सकाळी गोणपाट सारून नखाने साल खरवडायच्या. खाली हिरवं दिसलं की, "हाय. जीव हाय," म्हणायच्या आणि मगच चहा प्यायच्या. एका सकाळी त्या काही न बोलता आल्या. चहा तसाच निवला. मी जाऊन बघितलं तर एका बाजूची साल खालून तपकिरी झाली होती.

बुद्धपौर्णिमा आली. वंदना झाली आणि सगळी वस्ती पांढऱ्या कपड्यांत विहारामागे निघाली. पुढे भगवानराव, हातात पाण्याने भरलेला कलश. दर वर्षी बोधीला पाणी घालूनच कार्यक्रम संपतो. आत्या झाडासमोर हात पसरून उभ्या राहिल्या.

"भाऊजी, फुलं वाहा. पानी घरी न्या."

"वैनी, आज पौर्णिमा हाय. आजच्या दिवशी तरी—"

"आज घातलं तर पुढच्या पौर्णिमेला हे सरपन असंल."

"सरपन तर तुमीच केलं त्याचं!" भगवानरावांचा आवाज चढला. "पान्यावाचून मारलं. एवढा हट्ट कुनी करतंय का?"

मागून दोनचार जणांनी हो ला हो केलं. मला वाटलं, आता आत्या तोंड सोडणार. मी त्यांचा हात धरायला पुढेही झाले. पण त्या खाली बसल्या, बुंध्याजवळची वरची कोरडी माती बाजूला केली, कोपरापर्यंत हात आत घातला आणि मूठभर माती काढून दाबली. बोटांतून पाणी गळलं. काळंशार आणि आंबूस वासाचं.

"मी तर पानी घातलं न्हाई," आत्या म्हणाल्या. "मंग हे कुठून आलं?"

चतुराबाईंनी पदर तोंडाला लावला. "मी घालायचे. तू जेवायला गेलीस की. तांब्याभरच घालायचे, सरजे. बघवत नव्हतं गं."

त्यांच्यामागून एकेक बाई बोलू लागली. ही तांब्याभर, ती तांब्याभर. भगवानरावांच्या घरूनही यायचं. सगळी वस्ती एकमेकींना चोरून त्या झाडाला जीव लावत होती आणि त्याच मायेत ते बुडत होतं. आत्या चिडल्या नाहीत. तेच मला जास्त लागलं.

"तुमाला काय बोलू? मीच शिकवलं तुमाला," त्या इतक्या हळू म्हणाल्या की मागच्यांना ऐकूही आलं नसेल.

मी परमेश्वरला फोन लावला. त्याने सांगितलं, चर खणा, पाणी बाहेर काढा, सडलेली मुळं कापा आणि माती उघडी ठेवा. पुढचं त्यालाही सांगता येत नव्हतं. भगवानरावांनी कलश विहाराच्या पायरीवर ठेवला आणि पांढऱ्या सदऱ्यानिशी फावडं हातात घेतलं. पौर्णिमेची खीर गार होऊन गेली आणि वस्ती चिखल उपसत राहिली. काळी पडलेली मुळं हातात घेतली की चुरगळत होती. एकही जिवंत मूळ दिसलं नाही.

त्यानंतर आत्यांचा आवाज गेला तो गेलाच. हळू बोलायच्या, मान हलवायच्या. घरातली ती शांतता मला सहन होईना. वस्तीतल्या बाया जाता-येता झाडाकडे बघायच्या आणि रिकाम्या हातांनी पुढे जायच्या. आता काठीची गरज उरली नव्हती.

मग बुंध्याच्या हिरव्या बाजूला कोंब फुटले. लालसर, बोटाच्या पेराएवढे. मी नाचायचीच बाकी होते, पण आत्यांनी मला अडवलं. कोंब खोडातल्या साठवणीवरही फुटतात आणि साठवण संपली की गळतात, असं परमेश्वरने सांगून ठेवलं होतं. खाली मुळं आहेत की नाहीत ते अजून कळायचं होतं. पानं तळहाताएवढी झाली, हिरवी झाली, तरी आमचा जीव टांगणीलाच होता. वर नुसतं ऊन, आणि पावसाचं नाव नाही.

एका भर दुपारी मी झाडाजवळून आले तर सगळी पानं माना टाकून लोंबत होती. सकाळी टवटवीत होती, आणि आता फडक्यासारखी मऊ. घरात येऊन मी कसंबसं म्हटलं, "आत्या, गेलं ओ ते."

त्या अनवाणी धावल्या. मी मागोमाग. त्यांनी पानं चाचपली, मग गुडघे टेकून मातीत कोपरापर्यंत हात घातला. परवा तिथली माती मुठीत गोळा होत होती. आता हात बाहेर आला तेव्हा बोटांतून पीठ गळावं तशी भुरभुर माती गळली. आत्या तिच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांचे डोळे भरून आले.

"गेलं न्हाई गं माधवे," त्या म्हणाल्या. "सगळं पानी पेलंय बघ त्यानं. मुळं धरली. तहान लागलीय त्याला."

आणि मग तो आवाज लागला. जिंतूर रोडपर्यंत नाही, पार जिंतूरपर्यंत गेला असेल.

"चतुरे! भाऊजी! पानी आना गं, पानी! बोधीला तहान लागलीय!"

धडाधड दारं उघडली. झोपेतून उठलेल्या बाया हंडे, बादल्या, तांबे, हाताला येईल ते घेऊन भर उन्हात पळत सुटल्या. भगवानराव तर विहारातला कलशच घेऊन आले. आत्यांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि घाई करणाऱ्यांचा यथेच्छ उद्धार केला. मग माझ्या हातात तांब्या देऊन म्हणाल्या, "तू घाल आधी."

मी पाणी घातलं आणि मातीने ते लगेच पिऊन टाकलं.