डाव्या बाजूची चांगुणा

धामणगाव बढ्यात प्रेमानंदसारखा पंपाचा मिस्त्री नव्हता आणि त्याच्याइतका तोऱ्याचा माणूसही नव्हता. कोणाच्या विहिरीवरची मोटार जळाली की याला फोन यायचा, आणि हा मोटारसायकलला हत्यारांची पिशवी अडकवून शेताच्या रस्त्याला लागायचा. मग एका हंगामात सोयाबीन काढताना मळणी यंत्रात त्याचा डावा पाय मांडीपासून गेला. पाय गेला, तोरा मात्र जिथल्या तिथं राहिला.

दवाखान्यातून आल्यावर तो बाजेवर पडून फोनची वाट पाहायचा. फोन यायचेही. पण "मले न्यायले या" म्हटलं की लोक "बरं, पाहतो" म्हणायचे आणि दुसरा मिस्त्री गाठायचे. त्यांचंही खोटं नव्हतं. पीक वाळत असताना मिस्त्र्याला आणायला आणि पोचवायला कोण जाणार? दोन्ही हात धडधाकट असून माणूस भिंतीकडे बघत पडलेला. शिबिरात मिळालेला नकली पाय मांडी सोलून काढायचा, तोही कोपऱ्यात पडलेला. एकदा तो बायकोला, चांगुणाला, म्हणाला, "त्या मशीननं मले पुरतंच ओढून घेतलं असतं त बरं झालं असतं." चांगुणा त्या दिवशी जेवली नाही.

शेवटी मोताळ्याच्या शालिग्राम मेकॅनिकनं गाडी हातात घेतली. डाव्या पायाचा गिअर हातावर आणायचा होता, पण डाव्या हातात तर क्लच. शालिग्रामनं गिअरपासून एक लोखंडी दांडा काढला आणि टाकीखालून उजवीकडे फिरवला. गिअर बदलताना अॅक्सिलरेटर सोडावाच लागतो, तेवढ्यात उजव्या हातानं दांडा ओढायचा. झकास जमलं.

"आता मांगं दोन्हीकून दोन चाकं बसवतो, प्रेमाभाऊ," शालिग्राम म्हणाला. "गाडी थांबली की तोल कोण धरन?"

"चाकं नको. लेकराच्या सायकलीले असतात तसे? सारं गाव हासन मले."

"पडशीन बे."

"नाई पडत."

घरी येऊन त्यानं चांगुणाला सांगितलं, आपल्या गाडीला चाकं बसत नाहीत. तिनं मान हलवली. नवऱ्याला यंत्रातलं कळतं, यावर तिचा पुरता विश्वास होता.

मग तोल चांगुणानं धरला. साडी नेसलेली बाई गाडीवर एका अंगाला बसते, दोन्ही पाय डावीकडे सोडून. प्रेमानंदचा पाय जिथं नव्हता तिथंच तिचे दोन होते. गाडी थांबायला आली की तो म्हणायचा, "उतर." गाडी पुरती थांबायच्या आत ती उडी टाकायची, सगळा भार अंगावर घ्यायची आणि पायानं स्टँड लावायची. स्वतःची निंदणाची मजुरी सोडून ती दिवसभर कोणाच्या ना कोणाच्या बांधावर बसून राहायची, कारण निघतानाही तीच लागायची. प्रेमानंदला पुन्हा कामं मिळू लागली. लोक म्हणायचे, बायको असावी तर अशी. कौतुकाला काय जातं?

गाडी, नवरा आणि हत्यारं, असा सगळा बोजा तिच्या डाव्या गुडघ्यावर यायचा. आधी गुडघा सुजला. संध्याकाळी ती हळदीचा लेप लावून बसायची. प्रेमानंद ते बघायचा आणि कूस बदलायचा. त्याला कळत नव्हतं असं कोणी म्हणू नये, त्याला पहिल्या दिवसापासून कळत होतं. पण चाकांचा विषय काढायचा म्हणजे आपण खोटं बोललो हेही सांगायचं, आणि ते काही त्याच्या जिभेवर येईना.

एके दिवशी उडी टाकल्यावर ती उभीच राहू शकली नाही. डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला आणि म्हणाले, हा गुडघा आता पहिल्यासारखा होणार नाही, भार टाकणं बंद.

दुसऱ्या दिवशी प्रेमानंद एकटाच निघाला. शेजाऱ्यानं स्टँड काढून दिला. थांबताना उजवीकडे कलायचं, उजवा पाय टेकायचा, असं तो मनाशी घोकत होता. पण विहाराच्या ओट्यावर गुलाबबाबा बसलेले होते, आणि त्या म्हाताऱ्या माणसासमोरून न थांबता गाडी दामटायची वस्तीत कोणाची टाप नव्हती. प्रेमानंदनं गाडी थांबवत आणली, उजवा हात वर केला, "जय भीम, बाबा" म्हणाला, आणि सवयीनं डावीकडे कलत म्हणाला, "उतर."

मागं कोणीच नव्हतं.

गाडी त्याला घेऊन आडवी झाली. उरलेली मांडी खाली सापडली. गुलाबबाबा काठी टाकून धावत आले.

"प्रेमानंदा! चांगुणा कुठी हाय?"

चार लोकांत, मातीत पडून, तो मोठ्यानं रडला. हसलं कोणीच नाही.

त्याच दिवशी त्यानं गाडी टेम्पोत घातली आणि मोताळ्याला नेली. शालिग्रामनं चाकं बसवली. दुपार कलायच्या आत काम झालंही. एवढंसंच काम होतं ते.

गाडीचा आवाज ओळखून चांगुणा भिंत धरत धरत बाहेर आली. दुखरा पाय ओढत ती सवयीनं डाव्या बाजूला गेली आणि गाडी धरायला हात पुढं केले.

"राहू दे वं," प्रेमानंद म्हणाला. "आता उभी राह्यते ते आपल्या आपण."

तिनं हात मागं घेतले. वाकून एका चाकावर हात फिरवला, दुसऱ्या बाजूला जाऊन तेही पाहिलं. गाडी हलवून पाहिली. गाडी हलली नाही.

"तुम्ही त म्हनत होते," ती म्हणाली, "आपल्या गाडीले चाकं बसत नाईत."

तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरोखरच विचारत होती. प्रेमानंद खाली मान घालून गाडीवर तसाच बसून राहिला, आणि ती दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून उत्तराची वाट पाहत उभी राहिली.