भरली की निघते

माझी बायको नेमकं काय काम करते, हे मला कोणी विचारलं की मी वर्षानुवर्षं "कंप्युटरमध्ये आहे" एवढंच सांगत आलो. जव्हारच्या बाजारात तेवढं पुरतं. माझं इलेक्ट्रिक सामानाचं दुकान, मागे घर, आणि घराच्या मागच्या खोलीत ती. कानात काहीतरी घालून दिवसभर इंग्रजीत बोलायची. कधी रागावून, कधी समजूत काढत. मला वाटायचं, एवढा संसार तिने माझ्याशीसुद्धा केलेला नाही.

मग तिच्या कंपनीने सगळ्यांना परत पुण्याच्या ऑफिसात बोलावलं. घरून काम बंद. तिने दोन गोष्टी केल्या. पुण्यात एका बाईंची एक खोली बघून ठेवली, आणि दुसऱ्या एका कंपनीत अर्ज केला. तिथे जागा वरची होती, सीनियर इंजिनियरची, आणि कुठूनही काम करा म्हणत होते. मिळाली तर ती इथेच राहणार. नाही मिळाली तर सोमवार ते शुक्रवार पुण्यात, आणि मी आणि आमची मुलगी जव्हारात एकमेकांच्या हातचं खाणार. मुलीने माझ्या हातची भाजी खाल्लेली आहे. त्यामुळे आईला नोकरी मिळावी म्हणून ती मनापासून देवाला हात जोडत होती.

मुलाखतीची तयारी म्हणजे तिला कोणीतरी समोर बसून प्रश्न विचारायला हवं होतं. मी म्हटलं, मी विचारतो. तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. दुसरं कोणी नव्हतं.

माझं काम सोपं होतं. तिने फोनवर काढून दिलेला प्रश्न वाचायचा, मग गप्प बसायचं. पहिलं मला जमलं. दुसरं माझ्या स्वभावात नाही. आमच्याकडे समोरचा माणूस बोलता बोलता अडखळला तर आपण त्याला शब्द पुरवतो, नाहीतर चहा तरी. ती विचार करायला थांबली की मी "बरोबर आहे, बरोबर आहे" म्हणून मान हलवायचो. मुलीचा फळा घेऊन ती उत्तरं मांडत होती. तिसऱ्या वेळी तिने खडू खाली ठेवला.

"तुम्ही मुलाखत घेताय की मुलगी बघायला आलाय?"

मग मी ठरवलं, आपल्याला कळेल असा प्रश्न आपणच काढायचा. म्हणजे मान हलवायची वेळ येणार नाही. तिने सांगितलं होतं की त्या मुलाखतीत एखादी मोठी व्यवस्था डोक्यातून उभी करायला सांगतात. म्हणून मी सांगितलं, जव्हार ते मोखाडा जीपचं बुकिंग उभं कर.

ती खूष झाली. फळ्यावर तिने चौकोन काढले, बाण काढले. एका चौकोनात प्रवासी, एकात सीट, एकात सुटायची वेळ.

"वेळ नसते," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"भरली की निघते."

तिने तो चौकोन पुसला. मग विचारलं, सीट किती. मी विचारलं, कागदावर की खरंच? तिने फळ्यावर एक आकडा घातला, त्यापुढे प्रश्नचिन्ह घातलं, मग आकडाही पुसला. एखाद्याने सीट धरली आणि तो आलाच नाही तर, तिने विचारलं. मी सांगितलं, माणूस नाही धरत, पिशवी धरते. सीटवर पिशवी ठेवायची आणि बाजारात जायचं. पिशवीला कोणी उठवत नाही.

"तुम्ही मला मुद्दाम छळताय," ती म्हणाली.

नव्हतो छळत. खरं म्हणजे मलाच मजा वाटायला लागली होती. जन्मभर ज्या जीपमधून मी हिंडलो, तिचे नियम कोणी विचारले तेव्हा पहिल्यांदाच मी ते मोजत होतो. पण ती डोंबिवलीची. लग्न होऊन आल्यापासून माझ्या मोटरसायकलवर मागे बसूनच फिरलेली. तिला हे सगळं मी रचून सांगतोय असं वाटलं. मुलाखत परवावर आली होती. तिने फळा भिंतीला उलटा लावला आणि म्हणाली, दाखवा.

दुसऱ्या दिवशी मोखाड्याचा बाजार होता. जाताना जीप लगेच भरली, त्यामुळे काहीच कळलं नाही. फक्त आम्ही मागच्या बाकावर इतके चेपून बसलो होतो की फळ्यावरचा आकडा का पुसावा लागला ते तिला पटलं. बाजारात आम्ही विशेष काही घेतलं नाही. ती स्टँडच्या बाजूला उभी राहून जीपमध्ये कोण चढतंय, कोण उतरतंय, हेच बघत राहिली. मला दोन ओळखीच्या माणसांनी बाजूला घेऊन विचारलं, वहिनी कोणाला शोधतायत का.

परतीला उशीर झाला. बाजार उठला होता. स्टँडवर एकच जीप, आणि आत आम्ही धरून निम्मीसुद्धा भरली नव्हती. समोर सुक्या बोंबलांची टोपली पायांत धरून एक म्हातारी बसली होती, तिला वाटेतल्या एका पाड्यावर उतरायचं होतं. बाकीचे दोघे झोपले होते. ड्रायव्हर बाहेर बॉनेटला टेकून उभा. कोणी काही विचारत नव्हतं. आपल्याकडे विचारतच नाहीत. विचारलं की ड्रायव्हरवर अविश्वास दाखवल्यासारखं होतं, आणि उत्तर तर सगळ्यांना पाठच असतं.

बायकोने खिडकीतून डोकं काढलं. "भाऊ, कधी निघणार?"

"भरली की, ताई."

"आणि नाही भरली तर?"

झोपलेल्यांपैकी एकाने डोळे उघडले. मी बाहेर बघायला लागलो. ड्रायव्हर मात्र रागावला नाही. त्याला बहुतेक हा प्रश्न आवडला.

"मग मलापण घरी जायचंय ना, ताई. माझी जायची वेळ झाली का जेवढी हाय तेवढी घेऊन जातो. लोकं ठेवून जाता येतंय का?"

म्हातारी बायकोला म्हणाली, "तू नवीन हाईस का, बाय? नेतो तो. मी कधी ऱ्हायले नाय हितं."

थोड्या वेळाने खरंच जीप निघाली. वाटेत अंधारात हात दाखवणारे दोघे-तिघे मिळाले आणि ती बऱ्यापैकी भरलीसुद्धा. बायको बोटाने गुडघ्यावर चौकोन काढत होती. मी विचारलं, काय झालं. ती म्हणाली, काही नाही, फळ्यावरचा तो वेळेचा चौकोन पूर्ण नको होता पुसायला.

मुलाखतीच्या दिवशी मी दुकानातली सगळ्यात मोठी बॅटरी मागच्या खोलीत लावून ठेवली, लाइट गेली तर म्हणून. मला खोलीत यायची बंदी होती. मधल्या दाराला पडदा लावून मी काउंटरवर बसलो. साखरशेत गावचा एकजण मोटारीचा स्विच घ्यायला आला. मी त्याच्याशी कुजबुजत बोललो, तर तोही कुजबुजायला लागला, आणि जाताना त्याने हळूच विचारलं, घरात कोन आजारी हाय का.

पडद्यामागून इंग्रजी ऐकू येत होतं. मग ते थांबलं. माझ्या तोंडात "बरोबर आहे" येऊन बसलं होतं. ते दाबून धरायला मी स्क्रू-ड्रायव्हर हातात घट्ट धरला, जसं काही त्याने ते आत कसून बसेल. मग तिचा आवाज आला, हळू, आणि तो काही सांगत नव्हता, विचारत होता. पलीकडून कोणीतरी हसलं.

संपल्यावर ती बाहेर आली आणि काउंटरच्या स्टुलावर बसली. तिने सांगितलं ते मला कळलं तसं लिहितो. राज्यभरातल्या छोट्या दुकानांमधून कंपनीकडे निरोप येतात, कुठला माल संपला, किती हवा. प्रत्येक निरोप सुटा पाठवणं महाग पडतं, म्हणून गठ्ठा करून पाठवायचे. गठ्ठा कधी पाठवाल, असं त्यांनी विचारलं.

"मी म्हटलं, भरला की पाठवायचा," ती म्हणाली.

"बरोबर आहे," मी म्हटलं. राहवलं नाही.

"चूक आहे. म्हणजे अर्धं चूक आहे. मुलाखत घेणाऱ्याने विचारलं, दिवसभरात एकच निरोप आला तर तो कुठे राहील? आणि मला ती बोंबलांची टोपली दिसली. माझ्या उत्तराने ती बाई अजून मोखाड्याला बसलेली असती."

मग ती म्हणाली होती, गठ्ठा भरला की, किंवा जास्तीत जास्त थांबायची वेळ झाली की, जे आधी होईल तेव्हा. पण थांबायची वेळ किती ठेवायची हे मी ठरवू शकत नाही. तुमचा दुकानदार किती थांबू शकतो? ते मला सांगा. पलीकडचा माणूस हसला तो तेव्हा. पुढचा बराच वेळ ते त्या दुकानदाराबद्दलच बोलत राहिले. त्यानंतर आणखी एक प्रश्न आला, तो तिला अजिबात आला नाही, तसं तिने सरळ सांगून टाकलं.

मग वाट बघणं आलं. त्या दिवसांत मी तिला इतके प्रश्न विचारले की ती कंटाळली. त्या निरोपांचं पुढे काय होतं, ते रात्री कुठे असतात, वाटेत हरवतात का, हरवला हे कळतं कसं. ती भाकरी थापता थापता उत्तरं द्यायची. एकदा म्हणाली, एवढं तर त्यांनीपण विचारलं नव्हतं.

मेल आला तेव्हा ती दुकानातच होती. तिने तो दोनदा वाचला आणि फोन माझ्याकडे दिला. मला त्यातलं पहिलं वाक्य कळलं, तेवढं पुरे होतं. मुलगी शाळेतून आल्यावर तिने आधी विचारलं, म्हणजे आता भाजी आईच करणार ना?

संध्याकाळी बायकोने पुण्याच्या त्या बाईंना फोन लावला, खोली नको म्हणून सांगायला. त्यांनी कारण विचारलं. नवी नोकरी मिळाली, असं ही म्हणाली. कुठे, त्यांनी विचारलं. "इथेच, जव्हारला," ही म्हणाली. मग त्यांनी काय काम करता असं विचारलं असावं. कारण बायकोने फोन कानापासून जरा दूर केला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "थांबा हं, माझे मिस्टर सांगतात," आणि फोन माझ्या हातात दिला.

मी घसा साफ केला आणि निरोपांपासून सुरुवात केली.