आखूड टोकाची चांदणी

मर्लिन मला आंटी म्हणते. स्वतः पन्नाशीला टेकलेली, माझ्याहून जेमतेम सहा वर्षांनी लहान, तरी आंटी! चार वर्षांपूर्वी नालासोपाऱ्याचा फ्लॅट विकून ती आमच्या गास गावात, आमच्याच आळीत राहायला आली. तेव्हापासून ती माझ्या डोळ्यांत सलते.

तिचा उद्योग काय, तर कचरा. वेफर्सची पाकिटं, कॉफीच्या पुड्या, ज्यूसचे खोके घरोघरी मागत फिरते. साबणाच्या पाण्यात धुऊन, उलटे करून दोरीवर वाळत घालते. मग आतली चंदेरी बाजू कापून तिचे मासे करते, पाखरं करते, खिडकीत लावायच्या माळा करते. मीही एकदा जाऊन बघून आले. सुंदर करते मेली! म्हणून तर जळते मी.

नाताळात आळीच्या क्रुसासमोर चांदणी लागते, ती एकवीस वर्षं माझी. कामट्यांचा सांगाडा, वर पतंगाचा कागद, आत दिवा. यंदा बैठकीत सगळे म्हणाले, "या वेळी मर्लिनची लावू." माझ्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही.

वर तीच माझ्या दारात. "आंटी, सांगाडा तुम्हीच बांधून द्या ना. मला कामट्या तासायला जमत नाहीत."

दिला बांधून. एक टोक चार बोटं आखूड ठेवून. टांगल्यावर चांदणी कलंडेल आणि हिची फजिती होईल, असा माझा बेत. शिवाय चंदेरी पाकिटातून दिव्याचा उजेड बाहेर येत नाही, तेही मी सांगितलं नाही.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी, पाकिटांची चंदेरी बाजू बाहेर ठेवून मढवलेली तिची चांदणी क्रुसासमोर चढली. आतला दिवा लावला, काही दिसेना. मला मनातल्या मनात गुदगुल्या झाल्या. तेवढ्यात वारा सुटला. एका अंगाला आखूड असलेली ती चांदणी गरगर फिरायला लागली आणि रस्त्यावरच्या दिव्याचे कवडसे घरांच्या भिंतींवरून पळू लागले. सगळी आळी अंगणात आली.

फादर म्हणाले, "मर्लिन, हे फिरवायचं कसं सुचलं तुला?"

"मला कुठलं सुचतंय, फादर! सांगाडा लुईझा आंटींचा. एक टोक आखूड दिसलं, तेव्हा वाटलं, चुकलं. मग म्हटलं, एकवीस वर्षं बांधतात, त्या कशा चुकतील? तसंच ठेवलं."

टाळ्या पडल्या. माझ्यासाठी. मी मान खाली घालून उभी राहिले.

आतापर्यंत तिच्या हातांवर जळत होते. आता तिच्या मनावरही जळते.