शेकोटीचे तीनशे

जानेवारीचा दुसरा रविवार. ठरलेली रक्कम पाच हजार चारशे, पैकी दोन हजार आगाऊ भरलेले. हजर माणसं सहा: मी, बायको, दोन मुलं, धुळ्याच्या देवपुरातून आलेली माझी थोरली बहीण अक्का आणि तिचे यजमान. ठिकाण पहूरच्या अलीकडचं एक कृषी पर्यटन केंद्र. त्यांच्या जाहिरातीत लिहिलं होतं, 'हिवाळ्यातही खान्देशचं उबदार ऊन, स्विमिंग पूल आणि चुलीवरचं भरीत.'

अक्काला दमा आहे. धुळ्यात थंडीची लाट आली की तिची छाती भरते, म्हणूनच तिला दिवसभर उन्हात बसवायचं ठरवलं होतं. पण लाट आमच्याही आधी पहूरला पोहोचली होती. सकाळी जळगावला माझ्या गच्चीतल्या तापमापकात साडेसात अंश होते. केंद्रावर दहा वाजले तरी ऊन नाही, वारा मात्र भरपूर. मुलांनी पुलात पाय बुडवले आणि ओरडत बाहेर काढले.

अक्का शालीतून म्हणाली, "भाऊ, तुना बठ्ठा पैसा पानीमा गया. आन ते पानी बी थंडं शे!"

हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली, ती थांबेना. मी व्यवस्थापकाला म्हटलं, "चुलीजवळ जागा द्या."

"चूल पेटवत नाही साहेब. ती फोटोसाठी आहे. भरीत आत गॅसवर होतं."

खान्देशात भरताची वांगी गॅसवर! हे तो लाज न वाटता सांगत होता.

"मग शेकोटी करा."

"तीनशे रुपये वेगळे. आणि ती संध्याकाळी सातनंतर."

"मग ठरलेल्या रकमेतले पुलाचे माणशी अडीचशे कमी करा. कोणी उतरलंच नाही."

"पूल उघडा होता साहेब. तुम्ही उतरला नाहीत, त्याला मी काय करणार?"

"थंडीची बातमी चार दिवस पेपरात येतेय. एक फोन करता आला नसता?"

"फोन केला असता तर तुम्ही आला असता का?"

एवढं खरं बोलताना त्याला आनंद वाटत होता. माझं डोकं फिरलं. आमचं भांडण चालू असताना अक्का उठली आणि तारेच्या कुंपणातल्या फटीतून शेजारच्या शेतात गेली. तिथे रखवालीची बाई कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटवून त्यावर वांगी भाजत होती. तिने धूर येणार नाही अशा बाजूला पोतं झटकून अंथरलं. "या ना अक्का, शेकाले बसा."

मेव्हण्यांनी मागोमाग जाऊन तिला दम्याचा पंप दिला. अर्ध्या तासात अक्काचा श्वास जागेवर आला. मग वांगी हातानेच सोलत तिने आम्हाला हाका मारल्या. आम्ही सहाही जण तिथेच, बांधावर, त्या बाईच्या भाकरीबरोबर जेवलो. केंद्राच्या पोरीने टेबलावर मांडलेलं गॅसचं भरीत तसंच राहिलं.

दुपारी हिशेब केला. व्यवस्थापकाने एक रुपया सोडला नाही. अक्का वारा वाढायच्या आत घरी पोहोचायला हवी होती, म्हणून वाद सोडला. पुढे तक्रार करायला हाताशी असावं म्हणून पावतीच्या पाठीवर त्याच्याकडून लिहून घेतलं: पूल वापरला नाही, चूल पेटवली नाही. ते लिहिल्यावरच बाकीचे तीन हजार चारशे त्याच्या हातात मोजून दिले. जेवणाचे दोनशे रखवालीच्या बाईला. तिने दीडशेच घेतले, पन्नास परत दिले.